१:७२ गुराब: नाळेचं काम सुरू

मंडळी, गुराबच्या, म्हणजे मराठ्यांच्या जुन्या शिडाच्या लढाऊ जहाजाच्या, मॉडेलचं अपडेट. हलचं (जहाजाच्या बाहेरच्या अंगाचं) प्लँकिंग, म्हणजे लाकडी पट्ट्या लावणं, संपलं, सँडिंग झालं आणि आता नाळेला, म्हणजे पुढे बाहेर आलेल्या टोकाला, हात घातलाय. खरं सांगायचं तर याच भागासाठी मी हे मॉडेल करायला घेतलं.

माझी आहे ती आंग्र्यांच्या आरमारातली दोन डोलकाठ्यांची गुराब, साधारण १५० टनांची. तीन काठ्यांची ३०० टनांपर्यंत जायची, पण मला धाकटीच आवडते. मधे चांगली रुंद, पुढे निमुळती होत जाणारी आणि पाण्यात कमी बुडणारी, त्यामुळे खाडीत कुठेही घुसायची. युरोपियन जहाजासारखा फुगीर पुढचा भाग हिला नाहीच, सरळ लांब नाळ बाहेर निघते आणि तिच्यावरच्या डेकला कठडा नसतो. समोरून लाट आली की ही जाम आपटते, पाणी थेट नाळेवर चढतं, ते न अडता वाहून जावं म्हणून दोन्ही बाजू उघड्या. तेव्हा कोणी करत असाल तर तिथे शोभेसाठीसुद्धा रेलिंग लावू नका प्लीज.

नाळ संपते तिथे आडवी लाकडी भिंत येते आणि तिच्यात दोन चौकोनी भोकं. आतमधे मेन डेकवर दोन तोफा, ९ किंवा १२ पौंडी (म्हणजे तेवढ्या वजनाचा गोळा फेकणाऱ्या), तोंड समोर, गोळा नाळेच्या वरून जाणार. ही भोकं मी बारीक कानशीने कोरली. ९ पौंडी तोफ सात फूट धरली तर आपल्या स्केलला तीन सेंटिमीटर येते, ती पितळी सळईतून घासून केली. तोफा बसवल्या आणि समोरून पाहिलं, तेव्हा या जहाजाचा सगळा डाव कळला.

कारण तिकडे १६५३ पासून इंग्रजांनी जहाजं एकामागे एक रांगेत लावून लढायचं ठरवलं, मग सगळा जोर बाजूच्या तोफांवर गेला, डेकवर डेक चढले, ७० तोफा, १०० तोफा. अशा जहाजाच्या मागे जाऊन उभं राहिलं तर त्यातल्या फार थोड्या तोफा तुमच्यावर चालतात. आंग्र्यांची माणसं नेमकं तेच करायची. आठ-दहा गुराबा, चाळीस-पन्नास गलबतं (वल्ही आणि शीड असलेली छोटी जहाजं), वारा पडला की गलबतं वल्ही मारत गुराबांना ओढत न्यायची, शिकारीच्या पाठीमागे जमायचं आणि नाळेवरून मारा. तोही आधी फक्त डोलकाठ्यांवर, आणि समोरच्या जहाजाच्या तिन्ही काठ्या जवळजवळ एका रेषेत आल्या की नेम धरायचा, म्हणजे एकीला चुकलेला गोळा पुढचीला लागायची शक्यता. काठ्या पडल्या की जहाज जागच्या जागी, मग जवळ जायचं. तरी ऐकलं नाही तर गलबतांतून शेकडो माणसं तलवारी घेऊन चहूबाजूंनी वर चढायची. लाटेवर डुलत असताना तिन्ही काठ्या एका रेषेत यायची वाट बघणारा तो गोलंदाज, मला त्याच्याबद्दल प्रचंड आदर वाटतो.

म्हणूनच फेब्रुवारी १७५६ च्या विजयदुर्गच्या लढाईची हकिगत मला वाचवत नाही. इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनची मोठी लढाऊ जहाजं खाडीत आली तेव्हा तुळाजी आंग्र्यांचं आरमार किल्ल्याच्या आसऱ्याला दाटीने उभं होतं. तिथे ना पाठलाग, ना मागून मारा. एक तोफगोळा एका जहाजात पडला, आग लागली आणि सगळं आरमार जळालं. गुराब वाईट होती म्हणून नाही हो, तिला पळायला समुद्रच मिळाला नाही.

आता पुढचं. सोबत एक गलबतही करतोय. त्यांचं वरचं डेक वजन कमी ठेवायला फोडलेल्या बांबूचं असायचं, त्यासाठी अगरबत्तीच्या काड्या उभ्या चिरून बघतोय, मस्त दिसतायत. मोठं तिकोनी शीड येणार, त्याचं टोक डोलकाठीच्याही बरंच वर जातं, म्हणून परबाण (शीड ज्याला बांधतात तो आडवा वासा) लांब घ्यायला लागेल आणि ती वाकायला नको. १:७२ ला एवढी लांब काडी सरळ राहील असं कुठलं लाकूड वापरता ते सांगा, सागाची पट्टी त्या जाडीला तडकते.