तुम्ही विचारलंत म्हणून : आबांनी रिटायर होऊन आराम का नाही केला

"पेन्शन होती, शेती होती, मग तुमचे वडील म्हातारपणी एवढे कशाला वणवण फिरायचे?" आबा गेल्यापासून हे बरेच जण विचारतात, म्हणून एकदा नीट लिहिते.

आबा मराठा लाइट इन्फंट्रीतले. बेळगावला ट्रेनिंग, आणि मग सुभेदार होऊन घरी येईपर्यंत उमेदीची सगळी वर्षं पलटणीत गेली. आमच्या सातारा जिल्ह्यात याचं कुणाला नवल नाही, इथं अपशिंगे मिलिटरी नावाचं गावच आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. आमच्याही गावात बऱ्याच घरांत फौजेची काळी ट्रंक आहे आणि ट्रंकेत कागद. आबा फिरायचे ते या कागदांपायी.

जवान नोकरीत असतो तोवर पलटण बघते, पण तो गेल्यावर मागं राहिलेल्या बाईला सगळं कागदावर सिद्ध करावं लागतं. आपल्याकडं लग्नात बायकोचं नाव बदलायची पद्धत, त्यामुळं डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौजेतून निघताना मिळणाऱ्या नोंदवहीत, माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, आधारवर स्पेलिंग तिसरंच, जन्मतारीख कुणीतरी अंदाजे सांगितलेली. नवरा हयात असताना अर्ज केला तर फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसातून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंद बदलल्याचा आदेश, निघून दुरुस्ती होते, तो गेल्यावर मात्र ॲफिडेव्हिट आण, ग्रामपंचायतीचा दाखला आण, सैनिक बोर्डात जा, असं महिनोन्‌महिने चालतं आणि तोवर फॅमिली पेन्शन अडकलेली.

शेजारच्या एक काकू अशाच आलेल्या. आबा म्हणाले, "वहिनी, असतील नसतील ते कागद आणा, फाटलेले पण आणा." काकूंनी प्लॅस्टिकची पिशवीच ओतली, लाइटबिलं, औषधाच्या चिठ्ठ्या, काकांची इनलँड पत्रं आणि त्यात कुठंतरी घडी मोडलेला पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजूर झाल्याचा आदेश. आबा एकेक कागद तळहातानं सरळ करायचे, त्यावर लिहायचं तर पेन्सिलीनं, पेन नाही. पत्रं त्यांनी उघडलीसुद्धा नाहीत, बाजूला ठेवली, म्हणाले "ही तुमची, बाकीची ऑफिसची."

नोव्हेंबरात तर घरी रांगच, पेन्शन चालू राहायला दरवर्षी लागणाऱ्या हयातीच्या दाखल्यासाठी. खुरपून खुरपून बोटं घासलेल्या आज्या, मशिनवर अंगठाच उठायचा नाही. मोबाइलवर चेहऱ्यानं दाखला निघायला लागला तेव्हा आबांनी माझ्या मुलाला ते शिकून घ्यायला लावलं आणि त्या कॉलेजच्या पोराला घरोघर पाठवलं.

काहींना वाटतं यात घराकडं दुर्लक्ष झालं असेल. मला तसं कधीच वाटलं नाही. आईला ते बँकेत स्वतः स्लिप भरायला लावायचे, खातं जॉइंट, पीपीओवर तिचं नाव अक्षर न् अक्षर तपासलेलं, ती चिडायची, "तुम्ही असताना मला कशाला हे सगळं?" तरी ऐकायचे नाहीत. आबा गेल्यावर आईची पेन्शन नावाच्या घोळात अडकली नाही. जे आईसाठी केलं तेच गावातल्या प्रत्येक बाईसाठी व्हावं एवढंच त्यांचं म्हणणं होतं, त्यासाठीच ते फिरायचे.

तुमच्या घरी कुणी माजी सैनिक असतील तर या रविवारी त्यांच्यासोबत बसून डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि त्यांच्या बायकोचं आधार शेजारी ठेवून वाचा. नावात, तारखेत एका अक्षराचा जरी फरक दिसला तरी ते आहेत तोवरच त्यांच्या सहीनं अर्ज करा, आणि कुठं अडलं तर मला विचारा, आबांच्या वह्या माझ्याकडं आहेत.