तुम्ही विचारलंत म्हणून: घरच्या सुऱ्यांसाठी डायमंड प्लेट कोणती घ्यावी?

"घरच्या सुऱ्यांना धार लावायला डायमंड स्टोन घ्यायचाय, किती ग्रिटचा घेऊ?" हा प्रश्न सारखा येतो (ग्रिट म्हणजे घासणाऱ्या कणांच्या बारीकपणाचा आकडा; आकडा मोठा तितके कण बारीक), आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा 3000 किंवा 5000 असा आकडा आधीच ठरलेला असतो. माझं उत्तर असं: आठ इंच लांब, तीन इंच रुंद, सलग पृष्ठभागाची, एका बाजूला 325 आणि दुसऱ्या बाजूला 1200 असलेली एकच प्लेट घ्या. तेवढं बजेट नसेल तर एकेरी 600. घरात कार्बोरंडमचा दगड असेल आणि तो मधे खोलगट झाला नसेल, तर घाई करू नका. साध्या स्टीलच्या सुरीला तोही चांगली धार देतो.

हिरे खरे असतात का, हा पुढचा प्रश्न. असतात, पण कारखान्यात बनवलेले. 1954 साली जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत कृत्रिम हिरा तयार झाला आणि घासकामाला लागणारी हिऱ्याची पूड मुबलक मिळायला लागली. ही पूड पोलादी पट्टीवर पसरून निकेलच्या मुलाम्यात रुतवतात. साधारणपणे हा कणांचा एकच थर असतो. साधा दगड झिजला की खालून नवे कण वर येतात. इथे खाली दुसरं काही नसतं. म्हणून प्लेट खोलगट होत नाही, ती सपाट करत बसावं लागत नाही. पण जोर लावून कण उपटले, तर ते कायमचे गेले.

ग्रिटच्या आकड्याला फार मान देऊ नका. 325 मेश म्हणजे चाळणीच्या एका इंचात 325 भोकं, कण सुमारे 45 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). डीएमटी या अमेरिकन कंपनीच्या प्लेटांवर निळा रंग म्हणजे 325, लाल म्हणजे 600 (25 मायक्रॉन), हिरवा म्हणजे 1200 (9 मायक्रॉन). दुसरा एखादा उत्पादक जपानी मोजमाप वापरतो, तिथे 1000चा कण चौदा-पंधरा मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणून खोक्यावर मायक्रॉन दिलेत का ते आधी बघा.

3000 का नको? आपल्या रोजच्या स्टेनलेस सुऱ्यांचं पोलाद मऊ असतं, रॉकवेल या कडकपणाच्या मापात साधारण 52 ते 56. अशा सुरीला गुळगुळीत धार आणली तर ती पहिल्या दिवशी कागद सुंदर कापते आणि आठवड्याभरात टोमॅटोच्या सालीवरून घसरायला लागते. 600 किंवा 1200वरची धार किंचित दातेरी असते. साल पकडते, मिरची चेपत नाही. साठच्या पुढच्या कडक पोलादाची जपानी सुरी असेल तर गोष्ट वेगळी.

सलग आणि भोकांची, असे दोन प्रकार दिसतील. भोकांत लोखंडाचा चुरा बसतो, त्यामुळे रंध्याच्या पात्याला किंवा पटाशीला ती प्लेट सोयीची. सुरीचं टोक मात्र भोकाच्या कडेला अडकतं. सुरीसाठी सलगच घ्या. काही शे रुपयांना मिळणारा पातळ पत्रा वाकतो. तो सपाट टाइलच्या तुकड्यावर चिकटवून वापरता येतो. नवी प्लेट हातात आली की स्टीलची पट्टी तिच्यावर उभी धरून ट्यूबलाइटकडे बघा. मधे उजेड दिसला तर परत करा. जुन्या चमच्याच्या दांडीवर चारदा घासून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठं करून बघा: बारीक ओरखड्यांत एकदोन खोल चरे दिसले, तर पुडीत मोठे कण मिसळलेत. पहिल्या काही सुऱ्यांना नवी प्लेट जास्तच खरखरीत लागते. सुटे कण गळाले की ती शांत होते. "प्लेट गुळगुळीत झाली, संपली" असं तेव्हा वाटतं, पण ती कापत असते.

आता वापर. खाली ओला फडका, वर पाण्याचे काही थेंब आणि भांड्याच्या साबणाचा एक. कोन दर बाजूला सतरा ते वीस अंश; पातं चार सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ प्लेटपासून साधारण सव्वा सेंटिमीटर वर, दोन सेंटिमीटर असेल तर सहा-सात मिलिमीटर. धारेलगत मार्करची शाई लावा आणि दोनदा घासा. कडेला शाई उरली तर पाठ वर उचला. फक्त कडेचीच गेली तर खाली घ्या.

325ची बाजू फक्त खाचा पडलेल्या किंवा अगदी बोथट सुरीला. एका बाजूने घासत राहा, जोवर दुसऱ्या बाजूला पूर्ण लांबीभर खरखरीत वळलेली कड बोटाला लागत नाही. वर्कशॉपमध्ये तिला बर म्हणतात. मुठीजवळ आणि टोकाला ती हटकून उशिरा येते, आणि लोक तिथेच थांबतात. मग दुसरी बाजू. त्यानंतर 1200वर दर बाजूला आठ-दहा हात, आणि शेवटी एक इकडून, एक तिकडून, फक्त सुरीच्या वजनाने. मऊ पोलादावर हिरा मोठी बर काढतो. ती राहिली तर सुरी त्या दिवशी जबरदस्त कापते आणि दोन दिवसांत बोथट होते. दोष प्लेटला दिला जातो. जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर, पाठ पुढे ठेवून, पाच-सहा वेळा ओढली की उरलेली बर जाते.

जोर किती, हे समजायला प्लेट स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. 325वर अर्धा किलो पुष्कळ झाला, शेवटच्या हातांना दीडदोनशे ग्रॅम.

काम झालं की नायलॉनच्या ब्रशने धुवा, पुसा, उभी करून वाळवा. ओली ठेवली तर पोलादी तळ गंजतो. सुरीही धुऊन मगच भाजीला लावा. अॅल्युमिनियम, तांबं घासू नका, प्लेट भरून जाते. आणि पाण्याचे दगड (पाणी लावून वापरायचे धारेचे दगड) सपाट करायला हीच प्लेट वापरू नका. दगडाचा सुटा चिखल निकेल कोरतो आणि कण सुटतात.

विळीला ही मोठी प्लेट चालत नाही. पातं पाटाला जडलेलं आणि वळणदार, म्हणून तिथे दगड फिरवावा लागतो. पत्त्याएवढी 600ची छोटी प्लेट घ्या, पाटावर एक पाय दाबून ठेवा, आणि धारेच्या मागून, पाठीकडून धारेकडे, हलके हात मारा. बोटं धारेच्या पुढे येता कामा नयेत. नारळ खवायच्या दात्यांना प्लेट लावू नका.