गावाच्या नावाची शेपटी

खानदेशातल्या कोणत्याही तालुक्याची गावांची यादी वाचायला घेतली, तर नावांचा पुढचा भाग फारसे काही सांगत नाही. पिंपळगाव, वडगाव, बोरखेडे, निंभोरे, पळासखेडे, चिंचोली, हिवरखेडे ही झाडांवरून पडलेली नावे तापी, गिरणा, पांझरा, बोरी अशा सगळ्याच खोऱ्यांत विखुरलेली आहेत. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होत असल्यामुळे पिंपळगावचे ‘पिंपयगाव’ होते, एवढाच काय तो बोलण्यातला फरक. गावाचा स्वतःचा इतिहास पाहायचा असेल, तर नावाच्या मागे जोडलेल्या शेपटीकडे पाहावे, असे माझे मत झाले आहे. सातबाऱ्यावर ती असते, लग्नपत्रिकेत ‘मु. पो.’ लिहितानाही असते, पण तिचा अर्थ गावातल्या तरुणांना विचारला तर सहसा सांगता येत नाही.

बुद्रुक आणि खुर्द हे फारसीतून आलेले शब्द महाराष्ट्रभर आहेत, त्यांच्यावर थांबण्याचे कारण नाही. रावेर तालुक्यात मात्र लोक सरळ ‘मोठे वाघोदे’ आणि ‘लहान वाघोदे’ म्हणतात, आणि मला तेच अधिक आवडते.

खरी गंमत ‘प्र.’ या अक्षरापासून सुरू होते. एरंडोल तालुक्यात ‘सावदे प्र. चा.’ असे गाव आहे, चोपडा तालुक्यात ‘धानोरा प्र. अडावद’ आहे. येथे ‘प्र.’ म्हणजे प्रगणे, म्हणजेच परगणा. खानदेशावरचे फारुकी सुलतानांचे राज्य १६०१ मध्ये असीरगड पडल्यानंतर संपले, अकबराने आपला मुलगा दानियाल याच्या नावावरून या मुलखाला ‘दांदेश’ म्हटले, आणि मुघलांच्या दप्तरात या सुभ्याचे जे परगणे नोंदले गेले, त्यांत एरंडोल, अमळनेर, चोपडा, जामनेर यांच्या बरोबरीने चांदसर, बहाळ, बेटावद हीही ठिकाणे होती. पहिली चार आज तालुक्याची गावे आहेत, बाकीची मागे राहिली. गिरणेकाठचे चांदसर आज एक साधे खेडे आहे, आणि तेथे कधी परगण्याचे ठाणे होते याची रोजच्या व्यवहारात उरलेली खूण म्हणजे शेजारच्या गावाच्या नावामागचा तो ‘चा.’. रावेरकडे केळीच्या बाजारामुळे प्रसिद्ध असलेले सावदा वेगळे आणि हे सावदे वेगळे, हा खुलासा करण्यासाठी चारशे वर्षांपूर्वीची महसुली विभागणी अजून उपयोगी पडते, ही गोष्ट मला कोणत्याही किल्ल्याच्या पडक्या बुरुजाइतकीच मोलाची वाटते.

परगण्याच्या खालचा भाग म्हणजे तर्फ. शहादा तालुक्यात मोहिदे नावाची दोन गावे आहेत, ‘मोहिदे त. ह.’ आणि ‘मोहिदे त. श.’, एक तर्फ हवेलीतले, दुसरे तर्फ शहाद्यातले. मुख्य ठाण्याच्या आसपासच्या मुलखाला हवेली म्हणण्याची जुनी पद्धत होती, पुण्यातल्या हवेली तालुक्याचे नाव त्याच पद्धतीचे आहे. शहादा तालुक्यातल्याच ‘काथर्दे दिगर’मधला ‘दिगर’ म्हणजे दुसरे.

सगळ्याच शेपट्या दप्तराने लावलेल्या नाहीत. भुसावळ तालुक्यातल्या ‘कुऱ्हे पानाचे’ या नावात विड्याच्या पानांचे मळे आहेत, आणि मुक्ताईनगरकडच्या कुऱ्हा काकोडापासून ते वेगळे ओळखले जाते. पाचोऱ्याकडचे पिंपळगाव देवावरून ‘हरेश्वर’ झाले. लिंबांसाठी ओळखल्या जाणाऱ्या उत्राणचे तर ‘अहिर हद्द’ आणि ‘गुजर हद्द’ असे दोन भाग कागदोपत्री आहेत. खानदेशाच्या वसाहतीत अहिर आणि गुजर या दोन्ही समाजांचा केवढा वाटा आहे, हे सांगण्यासाठी पाने खर्ची पडतात, तेथे उत्राणच्या नावात दोघांच्या हद्दीच आखलेल्या आहेत.

याउलट गावचे लोक अभिमानाने सांगतात त्या कथा बहुधा पुराणातल्या असतात. एरंडोलला महाभारतातली एकचक्रानगरी म्हटले जाते, जळगावजवळच्या कानळद्याला कण्व ऋषींचा आश्रम सांगितला जातो. या श्रद्धेशी वाद घालण्याची मला गरज वाटत नाही. पण तिच्यापुढे जमिनीतला पुरावा दुर्लक्षिला जातो, याचे वाईट वाटते. गावाच्या वस्तीच्या जागेला आपण पांढरी म्हणतो आणि शेतीच्या जमिनीला काळी. तापीकाठच्या सावळद्याच्या पांढरीत सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीची खापरे मिळाली आणि पुरातत्त्वज्ञांनी त्या संपूर्ण संस्कृतीलाच ‘सावळदा’ हे नाव दिले. बहाळ आणि प्रकाशे येथेही १९५० च्या दशकात उत्खनने झाली. एवढ्याशा खेड्याचे नाव अभ्यासाच्या ग्रंथांत कायमचे गेले, तरी त्याचा उल्लेख जत्रेच्या माहितीफलकावरही क्वचितच सापडतो.

सातपुड्यात उतारावरची नावे निराळी आहेत. यावल तालुक्यातले लंगडा आंबा, जामन्या, गाडऱ्या, उसमळी ही नावे परगणा आणि तर्फ यांच्या पकडीत कधी आलीच नाहीत. मात्र आदिवासी गावांनाही अलीकडे एक शेपटी लागली आहे, ती म्हणजे ‘पुनर्वसन’. सरदार सरोवराच्या पाण्याखाली नर्मदाकाठची मणिबेलीसारखी गावे गेली, आणि तेथील लोकांच्या नव्या वसाहती तळोदा आणि शहादा तालुक्यांच्या सपाटीवर उभ्या राहिल्या. काहींची नावे नर्मदानगर, रेवानगर अशी सोडून आलेल्या नदीवरून ठेवली गेली, काही मात्र ‘रोझवा पुनर्वसन’ अशी जवळच्या गावाच्या आधाराने ओळखली जातात. काथर्दे दिगरलाही अशी वसाहत असल्यामुळे ‘दिगर’ आणि ‘पुनर्वसन’ असे दोन काळांचे महसुली शब्द तेथे एका ओळीत येतात.

१९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पुढे त्यांना जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली, आणि १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा झाला. या फेरबदलांत गावांच्या शेपट्या तशाच राहिल्या, फक्त आखडत गेल्या. माझी मागणी एवढीच आहे, की ग्रामपंचायतीच्या पाटीवर तरी ‘प्र. चा.’ न लिहिता ‘प्रगणे चांदसर’ आणि ‘त. ह.’ न लिहिता ‘तर्फ हवेली’ असे पूर्ण लिहावे. पाटीवर तेवढी जागा नक्कीच असते. आमदारनिधीचा उल्लेख तर तिच्यावर पूर्ण लिहिलेला असतोच.