व्हर्निअरच्या झिरो एररपायी तीनदा परत आलेलं माझं जर्नल

फिजिक्सच्या जर्नलवर सही मिळवायला मला तीन आठवडे लागले आणि त्यातले अडीच आठवडे एकाच प्रयोगात गेले, व्हर्निअर कॅलिपरने (जबड्यात वस्तू धरून बारीक मापं घ्यायचं साधन) स्टीलच्या गोळीचा व्यास काढणे. लंबक, स्प्रिंग, बाकी सगळे प्रयोग पटापट झाले, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पण या एका पानावर लाल पेनने गोल काढून "पुन्हा" एवढंच लिहून जर्नल तीन वेळा परत आलं, काय चुकलंय ते कुणी सांगितलं नाही, त्याचा राग मला अजून आहे. म्हणून सगळं नीट लिहितेय, कुणाचा तरी वेळ वाचेल.

प्रयोग खरं तर साधा. मेन स्केलवर, म्हणजे न हलणाऱ्या पट्टीवर, 1 मिमीचे भाग, सरकणाऱ्या पट्टीवर (हीच व्हर्निअर) 10 भाग, आणि ते 10 भाग मिळून 9 मिमी, म्हणून लघुतम माप, म्हणजे वाचता येणारं सगळ्यात लहान माप, 0.1 मिमी म्हणजे 0.01 सेमी. स्टीलची गोळी जबड्यात धरायची, व्हर्निअरचा शून्य मेन स्केलवरची कुठली रेघ ओलांडून गेलाय ते वाचायचं, मग व्हर्निअरची कुठली रेघ वरच्या रेघेशी तंतोतंत जुळते ते बघायचं. माझं आलं 1.8 आणि सातवी रेघ, म्हणजे 1.87 सेमी. गोळी फिरवून फिरवून पाच वेळा घेतलं, पाचही वेळा तेच, त्यामुळे रीडिंगबद्दल मला शंकाच नव्हती.

आता झिरो एरर, म्हणजे जबड्यात काहीच नसताना कॅलिपर शून्याऐवजी जे माप दाखवतो ते. जबडे रिकामे बंद केले तर शून्याला शून्य जुळत नव्हता, सातवी रेघ जुळत होती. मी लिहिलं झिरो एरर 0.07, वजा केलं, व्यास 1.80 सेमी. जर्नल दिलं, परत आलं. मी आकडेमोड तपासली, बरोबर होती, पुन्हा दिलं, पुन्हा परत. तिसऱ्या वेळी सगळी रीडिंग नव्याने घेतली, तक्ता नव्याने आखला, तरी तोच लाल गोल. विचारायला गेले तर "झिरो एरर बघ" एवढंच उत्तर, आणि मी तर ती बघितली होती, लिहिली होती, वजासुद्धा केली होती! त्या दिवशी मी अक्षरशः रडकुंडीला आले.

कळलं ते दुसऱ्याच प्रयोगात. त्याच गोळीची घनता काढायची होती. तराजूवर वस्तुमान 28.0 ग्रॅम. 1.80 व्यासावरून आकारमान आलं 3.05 घन सेमी, भागाकार केला तर घनता 9.18 ग्रॅम प्रति घन सेमी. स्टीलची साधारण 7.8 असते, तांब्याचीसुद्धा 8.96 असते, मग ही गोळी तांब्याहून जड कशी? मोजपात्रात 30 मिलीपर्यंत पाणी घेतलं, पात्र तिरकं करून गोळी कडेने हळू सोडली (वरून टाकली तर तळ फुटतो आणि पाणीही उडतं), पाणी 33 आणि 34 च्या मध्याच्या जरा वर थांबलं. म्हणजे आकारमान साडेतीनच्या पुढे, 3.05 शक्यच नाही. मग शेजारच्या टेबलावरचा कॅलिपर मागून घेतला, त्याचे शून्य अगदी नीट जुळत होते, त्यावर गोळी मोजली तर 1.90.

माझ्या उत्तरात बरोबर 0.10 चा फरक! कमी ना जास्त, पूर्ण एक मिलिमीटर. एवढा नेमका फरक हात हलल्यामुळे येत नाही. मी आमचा कॅलिपर खिडकीपाशी नेला, जबडे बंद केले आणि डोळा अगदी रेघेसमोर आणून बघितलं. व्हर्निअरचा शून्य मेन स्केलच्या शून्याच्या किंचित डावीकडे होता, केसाएवढा. जबडे घासले की ते जास्त जवळ येतात आणि शून्य असा मागे जातो. म्हणजे एरर ऋण होती, आणि ऋण एरर उलट्या बाजूने मोजायची, 10 वजा 7 म्हणजे 3, म्हणून −0.03. खरं माप काढताना एरर वजा करायची, आणि ऋण संख्या वजा केली की ती मिळवली जाते. 1.87 अधिक 0.03, 1.90. आकारमान 3.59, घनता 7.80. मी ते आकडे तीनदा लिहून बघितले, इतका आनंद झाला.

तेव्हा कॅलिपर हातात घेतला की आधी शून्य कुठल्या बाजूला आहे ते बघा, कुठली रेघ जुळते ते त्यानंतर. उजवीकडे असेल तर जुळलेली रेघ तशीच घ्या, डावीकडे असेल तर 10 मधून वजा करा. आणि एरर चिन्हासकट वर लिहा, अधिक असलं तरी.

स्क्रू गेजलाही (स्क्रू फिरवून तारेसारख्या वस्तूंची जाडी मोजतात ते साधन) हेच लागू, फक्त तिथे गोल स्केलवर बहुतेक 100 किंवा 50 भाग असतात, तेव्हा वजाबाकी त्यातून. आणि तो मागच्या रॅचेटनेच, म्हणजे टोकाच्या छोट्या मुठीनेच, फिरवायचा, टक टक आवाज आला की थांबायचं, जोर लावून आवळला की वस्तूही दबते आणि स्क्रूही बिघडतो. हो, मोजपात्राचं राहिलं, काचेत पाणी कडेला वर चढतं, वाचायचं ते मधलं खालचं टोक, आणि पात्र टेबलावर ठेवून स्वतः खाली वाकायचं, पात्र हातात उचलायचं नाही.

घाईत केमिस्ट्रीच्या टेबलावर माझ्या मैत्रिणीचं बोट भाजलं तेही याच आठवड्यात. गरम काच थंड काचेसारखीच दिसते, तिने स्पिरिटच्या दिव्यावरून काढून ठेवलेली परीक्षानळी तशीच उचलली. लगेच नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली बोट धरलं, चांगली 20 मिनिटं, म्हणून निभावलं. नळी तापवताना तिचं तोंड कुणाच्याच दिशेने नको, स्वतःच्याही नाही. ॲसिड पातळ करताना ॲसिड पाण्यात हळूहळू ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, कारण एवढी उष्णता निघते की ते उसळून अंगावर येतं. चष्मा लावा, केस बांधा, कंटाळा आला तरी.

चौथ्यांदा जर्नल दिलं तेव्हा −0.03 च्या शेजारी शून्य डावीकडे असलेलं छोटं चित्रही काढलं होतं. सही मिळाली. लॅबमधल्या काकांना विचारून मी त्या कॅलिपरच्या डब्याच्या झाकणावर आतून चिठ्ठी चिकटवली, "झिरो एरर −0.03, शून्य डावीकडे आहे, आधी स्वतः तपासा", आणि जबडे एकमेकांवर न दाबता किंचित उघडे ठेवून तो डब्यात ठेवला.