साताऱ्याचा फोटो आणि तीन हार्ड डिस्क

आमच्या घरात आजी-आजोबांच्या लग्नाचा एकच फोटो आहे. बाकी सगळं १२ जुलै १९६१ ला गेलं. पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासलाही फुटलं, आणि नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात पाणी शिरलं, बाबा तेव्हा बारा वर्षांचे होते. हा एक फोटो वाचला कारण त्याची एक प्रत बाबांच्या आत्याकडे साताऱ्याला होती. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेय, पण तिचा आणि माझ्या कॉम्प्युटरच्या बॅकअपचा काही संबंध आहे हे गेल्या वर्षीपर्यंत डोक्यात आलं नव्हतं.

झालं असं की पंचाहत्तरी झाल्यावर बाबांनी आठवणी लिहायला घेतल्या. सहकारनगरला आमच्याकडेच असतात ते, रोज सकाळी चहा झाला की डेस्कटॉपवर बसून टाइप करायचे, एकसष्ट पानं झाली होती. एक दिवस चुकून सगळं सिलेक्ट होऊन पुसलं गेलं असणार, फाइल तशीच सेव्ह झाली, बंद झाली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. तीन आठवड्यांनी फाइल उघडली तर कोरी. मी म्हटलं बाबा काळजी करू नका, बॅकअप आहे, रोज रात्री होतो. डिस्क उघडली तर तिथेही कोरीच. कारण मी विंडोजमधली रोबोकॉपी ही कॉपी करायची कमांड मिरर करून लावली होती, म्हणजे कॉम्प्युटरवर जे असेल तसंच्या तसं डिस्कवर, कोरी फाइल आली की चांगल्या फाइलवर कोरीच बसणार, आणि हे तीन आठवडे रोज रात्री बिनचूक चाललं होतं. बाबा म्हणाले, "जाऊ दे गं, परत लिहीन." त्यांच्या त्या जाऊ दे ने मला रात्रभर झोप लागली नाही.

शेवटी सापडली ती ताईकडे. चार महिन्यांपूर्वी शुद्धलेखन तपासायला तिला मेल केली होती, त्यात पहिली तेवीस पानं होती. म्हणजे परत एकदा लांबच्या माणसाकडची जुनी प्रतच कामाला आली.

तर मग मी बसून नीट विचार केला की आपल्याला नक्की काय हवंय. एक, जुनी प्रत हवी, म्हणजे कालची तर हवीच पण मागच्या आठवड्याची आणि मागच्या महिन्याचीही हवी, कारण चूक कधी लक्षात येईल सांगता येत नाही. दुसरं म्हणजे एक प्रत घराबाहेर हवी. बॅकअप टेपवर घ्यायचे त्या काळात ऑफिसांमध्ये यालाच आजोबा-वडील-मुलगा पद्धत म्हणायचे, रोजच्या टेपा म्हणजे मुलगा, आठवड्याची वडील आणि महिन्याची आजोबा, आणि टेपा आलटून पालटून वापरायच्या. घरी एवढ्या टेपा-बिपा लागत नाहीत, तीन डिस्क पुरतात.

तीन एक्स्टर्नल डिस्क घेतल्या, प्रत्येकी २ टीबीच्या, आणि त्यांना रिबिनी बांधल्या, लाल, हिरवी, पिवळी. एका वेळी दोन घरात, तिसरी ताईकडे चिंचवडला. घरातल्या दोघींची दर रविवारी पाळी बदलते, या रविवारी लाल तर पुढच्या रविवारी हिरवी, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी जी डिस्क नुकतीच भरली ती ताईकडे जाते, तिच्याकडची घरी येऊन पाळीत लागते. त्यामुळे कुठल्याही दिवशी बघितलं तरी माझ्याकडे तीन वेगवेगळ्या तारखांच्या प्रती आहेत असं समजा. कुठली कधी हे लक्षात राहावं म्हणून कालनिर्णयवर रविवारच्या चौकटीत ला, हि, पि लिहून ठेवते. गुरुवार मुद्दाम टाळला, आमच्याकडे मेंटेनन्ससाठी लाइट जाते ती गुरुवारीच, आणि कॉपी चालू असताना लाइट गेली की डिस्कवरचा डेटा खराब व्हायची भीती.

सगळा मिळून ३८० जीबी डेटा आहे, त्यात फोटो-व्हिडिओच जास्त. सेकंदाला १०० एमबी धरले तर हिशोबाने तासाभरात व्हायला हवं पण हजारो बारीक फाइली असल्या की वेग पडतो, पहिल्यांदा प्रत्येक डिस्कला अडीच तास लागले, आता फक्त बदललेलं जातं म्हणून दहा मिनिटांत होतं. बाबांचं लिखाण, घराची कागदपत्रं, हे सगळं मिळून ६ जीबीसुद्धा नाही, म्हणून त्याचं मिरर करतच नाही, दर वेळी तारखेच्या नावाचं नवीन फोल्डर. नवऱ्याचा मॅक आहे, तिथे टाइम मशीन या त्याच्यातल्याच बॅकअपच्या प्रोग्रॅमला दोन-तीन डिस्क सांगून ठेवता येतात, जी लावाल तिच्यावर ते आपलं आपण करतं आणि जुन्या प्रतीही ठेवतं. म्हणून प्रत्येक डिस्कचा एक भाग त्याच्यासाठी वेगळा काढून दिला.

कॉपी झाली की डिस्क काढायची, हे मात्र घरात सगळ्यांना बजावून सांगितलंय. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आलं होतं आठवतंय? असला रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, कॉम्प्युटरमध्ये शिरला की जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतो. कपाटात स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत पडलेल्या डिस्कला तो काही करू शकत नाही.

आणि घराबाहेरची प्रत हवीच, यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला तेव्हा आम्ही दुसऱ्या मजल्यावरून खाली पार्किंगमधल्या गाड्या एकमेकींवर चढलेल्या बघितल्या आहेत. तळमजल्यावरच्या काकूंचा कॉम्प्युटर गेला आणि त्याच टेबलावरची बॅकअपची डिस्कही गेली. दोन्ही एकाच टेबलावर, मग दुसरी प्रत असून उपयोग काय. क्लाउडवर आहे की, असं बरेच जण म्हणतात, पण फोनवरून फोटो डिलीट केला की सिंक असलेल्या क्लाउडवरूनही जातो, म्हणजे माझ्या मिररचीच गत. क्लाउड जरूर ठेवा, पण तेवढ्यावर राहू नका.

डिस्क घराबाहेर जाते म्हणून ती विंडोजच्या बिटलॉकरने लॉक केली आहे, पासवर्डशिवाय उघडत नाही, आणि पासवर्ड कागदावर लिहून एक कागद आमच्या लॉकरमध्ये, एक ताईच्या कपाटात, डिस्कबरोबर अजिबात नाही. पासवर्ड फक्त माझ्या डोक्यात असता तर उद्या मला काही झालं की घरच्यांना तो डेटा असून नसल्यासारखा. नेताना स्कूटीच्या डिकीत टाकत नाही, उन्हात डिकी फार तापते, मफलरमध्ये गुंडाळून पर्समध्ये नेते.

अजून एक चौथी डिस्क आहे, जुनी ५०० जीबीची, तिच्यावर पाडव्याला फक्त कागदपत्रं आणि बाबांचं लिखाण जातं आणि त्या वर्षाचं फोल्डर नंतर कधीच बदलायचं नाही. ३१ मार्चला जगात बॅकअप दिवस असतो, आपला पाडवा बहुतेक त्याच्या मागेपुढेच येतो.

नुसती कॉपी झाली म्हणून मी आता थांबत नाही. दर रविवारी डिस्कवरच्या कुठल्याही तीन फाइली उघडून बघते, त्यात एक बाबांची असतेच, आणि ती शेवटच्या पानापर्यंत खाली सरकवते, कारण कोरी फाइलसुद्धा उघडतेच की. दिवाळीच्या आधी एकदा नवऱ्याच्या जुन्या लॅपटॉपवर सगळं परत उतरवून पाहिलं, तेव्हा कळलं की आईच्या आवाजातली रेकॉर्डिंग्ज वेगळ्याच ड्राइव्हवर होती आणि कुठल्याच डिस्कवर गेली नव्हती. आई जाऊन सहा वर्षं झाली. त्या संध्याकाळी आधी तिन्ही डिस्कवर ती टाकली, पिवळीसाठी तेवढ्यासाठी चिंचवडला जाऊन आले, मग जेवलो.

बाबांनी चोविसाव्या पानापासून परत सुरुवात केली आहे. म्हणतात पहिल्यांदा लिहिताना लकडी पुलावरून पाणी गेलं एवढंच लिहिलं होतं, आता वाड्यातल्या कोणी कोणाला माळ्यावर ओढून घेतलं तेही आठवतंय. काल एकोणचाळिसावं पान झालं. उद्या महिन्याचा पहिला रविवार, हिरवी चिंचवडला जाणार, ताईने फोन करून सांगितलंय की येताना साताऱ्याच्या फोटोचं स्कॅनपण त्यात टाकून आण.