चाळीस हेक्टरचे चार चौरस किलोमीटर

शेतातल्या नाल्यावर स्वतःचा मातीचा बांध असेल आणि तो दुरुस्तीला आला असेल, तर एवढं आधी लक्षात घ्या: माती फेब्रुवारीत ओली असते आणि परवानगीची फाईल मे महिन्यात सुटते. मधली ओल टँकरने विकत घ्यावी लागते. आम्हाला पाच हजार लिटरचे दहा टँकर लागले, आणि त्याचं कारण होतं एक चुकलेलं दशांश चिन्ह.

बांध ६२ मीटर लांब, नाल्याच्या तळापासून ३ मीटर उंच. माथा २ मीटर, पाण्याकडचा उतार एकास अडीच, खालचा एकास दोन. कापसाला ओढ बसली की एक पाणी आणि हरभऱ्याला दोन, एवढाच त्याचा जीव. शिवाय खालच्या विहिरीला पाझर. मागच्या पावसाळ्यात पाणी माथ्यावरून गेलं आणि मधला ९ मीटरचा तुकडा खाली वाहून गेला. सांडवा, म्हणजे जादा पाणी बाजूने काढून देणारी वाट, ३ मीटरचा, तोही बाभळी आणि गाळाने निम्मा बुजलेला. त्यात बांधाचा माथा मधोमध वीतभर खचला होता. पाण्याला वाट सांगावी लागत नाही, ते बरोबर तिथेच चढलं.

‘शिरपूरसारखा सिमेंटचा बंधारा घाला’ हा सल्ला दहा जणांनी दिला. सिमेंटच्या बंधाऱ्याला खाली पक्का पाया, शक्यतो खडक हवा. आमच्या नाल्यात तीन मीटर खणलं तरी मुरूमच लागतो. म्हणून मातीचाच ठेवला.

जमीन आपली, बांध आपला, खर्च आपला. पण नाला वरच्या शिवारातून येतो आणि खालच्या शिवारात जातो, त्यामुळे दुरुस्तीआधी परवानगीचा कागद हवा असं सांगण्यात आलं. अर्जासोबत सातबारा, गाव नकाशाची नक्कल, मोजणीचा नकाशा, खालच्या गटांची संमतीपत्रं आणि आराखडा. मोजणी वेळेत झाली, संमत्या दोन संध्याकाळी मिळाल्या. त्याबद्दल तक्रार नाही.

कार्यालयातल्या टेबलावर पहिला प्रश्न आला, ‘हाऊ नाला तुमना का सरकारना?’ प्रश्न चुकीचा नव्हता. याचं उत्तर घरून निघण्याआधी सातबाऱ्यावर शोधून ठेवा. पोटखराबा, म्हणजे गटातलं लागवडीबाहेरचं क्षेत्र, दोन प्रकारचा असतो. वर्ग अ म्हणजे खडकाळ, लागवडीला न येणारी जमीन. वर्ग ब म्हणजे नाला, रस्ता अशा सार्वजनिक कामासाठी सोडलेलं क्षेत्र. नाला वर्ग ब मध्ये असेल तर ‘माझ्या गटात आहे म्हणून माझा’ असा वाद घालू नका. नाला सरकारचा, बांध माझा, मला फक्त बांध दुरुस्त करायचाय, असं अर्जातच लिहा. मी ते दुसऱ्या फेरीत लिहिलं.

खरं घोडं अडलं ते पुढे. आराखड्यात पुराचा हिशोब द्यावा लागतो. आमच्या बांधावर येणारं पाणलोट क्षेत्र ४० हेक्टर. तासाला १०० मिलिमीटर पाऊस धरला, त्यातलं वाहून येण्याचं प्रमाण ०.४. या तिघांचा गुणाकार करून ३६० ने भागलं की सेकंदाला ४.४४ घनमीटर येतात. आता सांडवा. त्यावरून अर्धा मीटर जाडीचं पाणी जाऊ द्यायचं असेल तर दर मीटर लांबीतून सेकंदाला साधारण ०.६ घनमीटर जातं. म्हणजे साडेसात मीटर लांबी पुरते. आम्ही तेवढीच दाखवली, आणि सांडव्याची पातळी बांधाच्या माथ्याखाली एक मीटर ठेवली, म्हणजे पूर आला तरी अर्धा मीटर माथा कोरडा राहतो. जुन्या तीन मीटरच्या सांडव्यातून १.८ घनमीटर जेमतेम जात होते. निम्मेही नाहीत. तो फुटायचाच होता.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दिलेली फाईल मार्चमध्ये परत आली. शेरा एका ओळीचा: ‘सांडव्याची लांबी अपुरी.’ किती हवी, ते नाही. हिशोब पुन्हा तपासला, तोच आला. पुन्हा दिला. मार्चअखेर पुन्हा तोच शेरा, अक्षरही तेच. विचारलं तर ‘संगणकात बसत नाही’. संगणकात काय भरलंय ते दाखवा म्हटलं, तर साहेब दौऱ्यावर. पुढच्या सोमवारी साहेब होते, तर भरणारा रजेवर. सांडवा आठ मीटर दाखवा, दहा दाखवा, असे सल्ले व्हरांड्यात भरपूर मिळाले. लांबी वाढवायला हरकत नव्हती, पण किती वाढवली की ‘बसेल’ हे एकालाही सांगता येत नव्हतं.

शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप, मागणी एकच: आमच्या प्रकरणातल्या टिपणीची आणि भरलेल्या तक्त्याची छायाप्रत. तीस दिवसांची मुदत, ती त्यांनी पुरेपूर वापरली. एप्रिलअखेर कागद हातात आला. तक्त्यात पाणलोट चौरस किलोमीटरमध्ये भरायचं होतं. ४० हेक्टर म्हणजे ०.४. तिथे टंकलेलं होतं ४.०.

दहापट पाणलोट, म्हणून दहापट पूर, सेकंदाला ४४.४ घनमीटर. त्याला सांडवा लागतो ७४ मीटरचा. बांध ६२ मीटरचा! बांधापेक्षा सांडवा लांब निघतोय हे त्या कागदावर दोन सह्या करणाऱ्यांपैकी एकाच्याही डोळ्याला खुपलं नाही. दुरुस्ती पाच मिनिटांत झाली. परवानगीचा कागद मिळाला मेच्या मध्यावर. ‘आधी सांगायचं ना’ असं वर ऐकून घ्यावं लागलं.

तेव्हा पाणलोट अर्जात दोन्ही प्रकारे लिहा, हेक्टर आणि चौरस किलोमीटर, अक्षरी सुद्धा. पहिला शेरा आला त्याच दिवशी तक्त्याची प्रत मागा, महिना घालवू नका. आणि प्रत्येक वेळी पोच घ्या, आवक क्रमांकाच्या शिक्क्यासह. माझ्या पहिल्या अर्जाची पोच नव्हती, म्हणून माहिती अर्जात दुसऱ्या अर्जाचा क्रमांक द्यावा लागला.

या तीन महिन्यांनी मातीचं काय केलं ते सांगतो, कारण फाईल अडवणाऱ्याला ते दिसत नाही. फेब्रुवारीत पाणी ओसरलेल्या तळातली काळी माती हाताने मोडते. मेमध्ये तिचीच ढेकळं होतात, वरून रोलर फिरवला तरी आत पोकळी राहते, आणि पहिल्या पुरात पाणी त्या पोकळीतून वाट काढतं. आम्हाला ३२० घनमीटर, म्हणजे ११३ ब्रास माती भरायची होती. घनमीटरला दीडशे लिटर धरले तरी ४८ हजार लिटर पाणी. ते बांधावर शिंपडून उपयोग नाही, वर चिखल आणि आत कोरडं होतं. जिथून माती उचलायची तिथेच वाफे पाडून पाणी सोडा, दोन-तीन दिवस मुरू द्या, मग उचला. मुठीत माती दाबून लाडू वळला पाहिजे, पण तळहात ओला होता कामा नये. लाडू कमरेइतक्या उंचीवरून टाका. दोन-चार तुकडे झाले तर ठीक, भुगा झाला तर कोरडी, चपटा झाला तर जास्त ओली.

फुटलेल्या तुकड्याच्या दोन्ही कडा उभ्या ठेवून मधे माती ओतू नका. जुन्या मातीत फूटभर उंचीच्या पायऱ्या कापा, मुळ्या वेचून काढा, म्हणजे नवी-जुनी एकमेकांत धरते. थर सैल २० सेंटिमीटरचा, ट्रॅक्टरमागे शीपफूट (खुरांसारखे दांडे असलेला) रोलर, आठ फेऱ्या. जेसीबीवाला बकेटने थापटून ‘दबली’ म्हणतो. ती दबत नाही. मधोमध माथा १५ सेंटिमीटर चढा ठेवला, तेवढा तो बसणारच. काळी माती आत, बाहेरून ४५ सेंटिमीटर मुरूम. उघडी काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि जूनचं पाणी थेट भेगेत शिरतं.

पाइपाचं राहिलंच. जुन्या पाइपाच्या कडेने बोटभर पोकळी सापडली. नवा १६० मिलिमीटरचा पीव्हीसी, सोळा मीटर, त्यावर चार-चार मीटरवर काँक्रीटच्या तीन गळपट्ट्या, पाइपाच्या चहूबाजूंनी दीड फूट बाहेर. पाइपाभोवतीची माती रोलरला नाही, माणसाला धुम्मसाने कुटायला द्या. आणि व्हॉल्व्ह पाण्याच्या बाजूला. खालच्या टोकाला बसवला तर बांधाच्या पोटातला अख्खा पाइप कायम दाबाखाली राहतो आणि एक सांधा सुटला की आतून धुपायला लागतं.

खेकड्यांची, घुशींची बिळं दिसली की खणून बुजवा. २०१९ मध्ये कोकणातलं तिवरे धरण फुटल्यावर सगळं खापर खेकड्यांवर फुटलं आणि लोक हसले, पण पाण्याने बीळ मोठं होत जातं हे खरंच. सांडव्याची पातळी मात्र डोळ्याने ठरवू नका. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने दोन्ही टोकं एका रेषेत आणा. सांडवा बाजूच्या मूळ मुरमात कापा, भरावावर नको.

काम ११ जूनला उरकलं. पहिल्या वर्षी बांध काठोकाठ भरू द्यायचा नाही म्हणून व्हॉल्व्ह अर्धा उघडा ठेवला. दीड मीटर पाणी चढल्यावर खालच्या पायथ्याला ओल आली, मग बारीक धार. पंधरा लिटरची बादली भरायला चार मिनिटं लागतात. धारेची भीती नाही, गढूळपणाची आहे. दर रविवारी काचेच्या बाटलीत ते पाणी भरून रात्रभर ओट्यावर ठेवतो. सकाळी तळाला अजून तरी माती बसलेली दिसली नाही.