उंदीर पडला की

लेकीकडे शेफील्डला होते तेव्हा एका दुपारी बसने डर्बीशरमधलं एक खेडं बघायला गेलो. स्पेलिंग वाचून मी तिकीट मागितलं, 'एयाम.' 'ईम,' ड्रायव्हरने शांतपणे दुरुस्त केलं.

गाव कॅलेंडरवर छापावं असं. दगडी घरं, दाराशी गुलाब, आणि शेजारी हिरवी पाटी: या घरातले कोणकोण प्लेगने गेले. एका पाटीखाली कुणाचं तरी कुरिअरचं खोकं येऊन पडलेलं.

१६६५ साली इथल्या शिंप्याकडे लंडनहून कापड आलं. दमट होतं म्हणून विस्तवापुढे वाळत घातलं म्हणे, आणि त्यातल्या पिसवा जाग्या झाल्या. पुढच्या जूनमध्ये पाद्री मॉम्पेसन आणि त्यांच्या आधीचे स्टॅन्ली, एरवी एकमेकांशी न पटणारे, दोघांनी मिळून गावाला पटवलं की कुणी वेशीबाहेर जायचं नाही. मॉम्पेसननी स्वतःची पोरं मात्र आधीच बाहेर धाडली होती. हे मला उगीच खटकलं. बायको थांबली, ती गेली.

आमच्याकडे उलटं. आजी सांगायची, उंदीर पडला की गाव सोडायचं. प्लेगात उंदीर मरत नसे, 'पडत' असे. मग भांडीकुंडी, म्हातारी माणसं, म्हशी, सगळं घेऊन माळावर झोपड्या घालायच्या. तिच्या धाकट्या मामाचा जन्म तिथलाच, म्हणून त्याला जन्मभर 'माळ्या' म्हणत. आम्हा पोरांना ते सहलीसारखंच वाटायचं. आपल्या वेळी का नाही प्लेग, असंही मी एकदा विचारलं होतं. पाठीत धपाटा बसला.

गावाच्या शिवेवर एक दगड आहे, त्याला भोकं. त्यात व्हिनेगर ओतून नाणी ठेवायची, पलीकडचे लोक सामान ठेवून ती उचलायचे. एका भोकात पावसाचं पाणी होतं. मी बोट घातलं, आणि लगेच पर्समधलं सॅनिटायझर काढलं. दुधाच्या पिशव्या साबणाने धुतलेले हात ते. लेक हसली.

चौदा महिन्यांत दोनशे साठ माणसं गेली. गावाबाहेर शेतात हॅनकॉकबाईंच्या घरच्यांची थडगी आहेत. १६६६ च्या ऑगस्टमध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं, सगळ्यांना तिने एकटीने ओढत नेऊन पुरलं.

"थोडा चढ आहे," लेक म्हणाली, "जायचं?"

म्हटलं, नको. बस चुकेल.